मामंजी काहिलीत बसतात

आमच्या घरी गरम पाण्याचा टब होता असं सांगितलं की आताची मुलं हसतात. राहात्याजवळच्या वस्तीवर, बहात्तरच्या दुष्काळात, ज्या घराच्या न्हाणीला धड दार नव्हतं, तिथं टब! पण होता. आणि त्या टबानं माझा जीव नकोसा करून सोडला होता, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे मधेच कुणी "किती हौस बाई तुम्हाला" म्हणायला नको. हौस कसली डोंबलाची!

सुरुवात झाली ती माझे सासरे उसाच्या गाडीवरून पडले तिथून. मी त्यांना मामंजी म्हणायची. म्हणजे मनात म्हणायची. तोंडानं हाक मारायची सोयच नव्हती, ते पुढं सांगते. हाड मोडलं नाही, पण कंबर आणि मांड्या अशा आखडल्या की उभं राहता यायचं, काठी टेकत चार पावलं चालता यायचं, खाटेच्या कडेला कसंबसं टेकता यायचं, पण जमिनीवर बसणं म्हणून जमेना. जेवणाचं ताट खाटेवर द्यावं लागायचं. ज्या माणसानं जन्मभर मांडी घालून भाकरी खाल्ली, त्याला ते ताट बघूनच संताप यायचा, आणि तो संताप कालवणावर निघायचा. कालवण मी केलेलं असायचं.

त्यातच नणंदेचं लग्न ठरलं, वैशाखातलं. आणि मामंजींनी जाहीर केलं, "कन्यादानाला मी पाटावर बसनार. खुर्चीवर बसून लेक द्यायला मी काय मामलेदार हाय?" त्यांना जमलं नसतं तर त्यांच्या जागी आम्ही नवराबायको पाटावर बसणार होतो, भाऊ-भावजय म्हणून. त्यात वावगं काही नव्हतं. पण नणंदेनं तोंडाला पदर लावला की दिवसभर काढायचा नाही. "आबा जिते असताना दुसऱ्यानं माझा हात द्यायचा?" एवढंच म्हणायची. एकुलती एक लेक, बापाची जरा जास्तच लाडकी. घरात दुसरा विषय राहिला नाही.

मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की रोज छातीपर्यंत गरम पाण्यात बसवा आणि पाण्यातच हळूहळू वाकवत न्या. पाण्यात अंग हलकं होतं, स्नायू सुटतील. झालं! आमच्या ह्यांना तेवढंच हवं होतं. हे साखर कारखान्यात फिटर. साहेबांच्या बंगल्यात नळ दुरुस्त करायला गेले असताना यांनी पांढराशुभ्र टब पाहिला होता आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नव्हता. "अगं, आपण घरीच करू," म्हणाले. हे "आपण" म्हणाले की मला धडकीच भरायची. यांच्या "आपण"मध्ये हे कधीच नसायचे.

तर टब कशाचा? आमचं पूर्वी गुऱ्हाळ होतं. ऊस कारखान्याला जायला लागला तसं ते बंद पडलं, आणि रस कढवायची लोखंडी काहील छपरामागं पालथी पडली होती. दोन माणसं शेजारी झोपतील एवढी रुंद, कंबरेएवढी खोल. खालची चुलवण, म्हणजे जमिनीत खणलेली भट्टी, तीही होती. यांनी एका रविवारी शेजारच्या दोघांना बोलावून काहील सुलटी केली, चुलवणीवर बसवली आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "घ्या, झाला टब."

मामंजींनी काहिलीकडं पाहिलं आणि काठी आपटली. "त्यात पाय घालू? गुळाच्या काहिलीत?"

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. दर हंगामाला पहिला रस ओतायच्या आधी त्यांनी त्याच काहिलीला हळदकुंकू लावलेलं, नारळ फोडलेला, तिच्या कडेला डोकं टेकलेलं. गुऱ्हाळावर कुणाचा पाय चुकून काहिलीला लागला तर मामंजी त्याला जेवू द्यायचे नाहीत. आता त्यात बूड टेकवून बसायचं? सासूबाई दोन दिवस समजूत घालत होत्या. शेवटी त्या कडाडल्या, "लेक मोठी का काहील मोठी, तेवढं एकदा सांगा आन् मग मला बोलू नका." तेव्हा कुठं मामंजी उठले. काहिलीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, तिची माफी मागितली. सगळं झालं. मग माझ्या कामाला सुरुवात झाली.

आता ते हाक मारण्याचं. आमच्याकडं सून सासऱ्याशी बोलत नसे. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि सासऱ्यानंही सुनेला सरळ काही सांगायचं नाही. मला लग्न होऊन पाच वर्षं झाली होती आणि मामंजी माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते. मधे कुणीतरी लागायचं. सासूबाई असल्या तर सासूबाई, नाहीतर नणंदबाई. कुणीच नसलं तर कुत्रा. आमच्या दारात एक तांबडा कुत्रा होता, त्याला नावसुद्धा नव्हतं. मामंजी त्याच्याकडं बघून म्हणायचे, "काय रे, चहा व्हायचाय का अजून?" की मी चहा टाकायचा. कुत्रा बिचारा शेपूट हलवायचा. त्याला वाटायचं आपल्यालाच विचारतात.

पहिल्या दिवशी पाणी तापवलं आणि ते तपकिरी झालं. काहिलीच्या तळाला वर्षानुवर्षांचा गुळाचा राप होता, तो विरघळला. मामंजी बाहेर आले ते चिकट होऊन. संध्याकाळी मुंगळ्यांची रांग थेट त्यांच्या खाटेपर्यंत. रात्रभर त्यांना झोप नाही आणि त्यांनी आम्हाला झोपू दिलं नाही. म्हणून मी राख, वाळू आणि नारळाची शेंडी घेऊन काहिलीत उतरले आणि हात सोलेपर्यंत घासत राहिले. काहील आतून अशी लख्ख झाली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी पाणी भरलं तर काहील गळायला लागली. पत्र्यांच्या जोडावरच्या रिबिटांमधून धार! खाली चुलवणीतला जाळ फिस्स करून विझला.

मामंजी कुत्र्याला म्हणाले, "अरे, त्यो राप व्हता म्हनूनच काहील धरून व्हती. घासायला सांगितलं कुनी?"

मला असं झालं की घासणी त्या कुत्र्याच्याच टाळक्यात घालावी.

यांनी कारखान्यातून डांबर आणलं आणि रिबिटांवर थापलं. "आता थेंब गळणार नाही," म्हणाले आणि पाळीला निघून गेले. थेंब गळला नाही, खरं आहे. पण तापल्यावर डांबर सुटलं आणि मामंजींच्या पाठीला, दंडांना काळे पट्टे लागले. ते काढायला रॉकेल, मग रॉकेलचा वास काढायला साबण, आणि साबणानं आग आग झाली म्हणून खोबरेल. सासूबाई चोळत होत्या, मी भांडी पुरवत होते, आणि मामंजी माझ्या नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. त्यात त्यांची स्वतःचीही पिढी येते हे सांगायची माझी छाती नव्हती. शेवटी चुना, गूळ आणि कापूस कुटून त्याचा लगदा रिबिटांत भरला, तेव्हा गळती थांबली. म्हणजे जो गूळ मी जीव तोडून काढला होता, तोच परत भरला.

त्यानंतर बसायचं कशावर हा घोळ. तळ तापलेला. जाळ बाहेर ओढला तरी लोखंड काही लगेच निवत नाही. लाकडी पाट ठेवला तर तो तरंगायचा, एकदा तर मामंजींच्या हनुवटीवर आपटला. मग सासूबाईंना विटा सुचल्या. विटांचा चौथरा करायचा, त्यावर गोणपाट, आणि त्यावर मामंजी. सुरुवातीला चौथरा खुर्चीएवढा उंच. अंग जरा सुटलं की वरचा विटांचा एक थर काढायचा. असं करत करत मामंजी तळाला टेकले, की पाटावर बसायला मोकळे. ही युक्ती खरोखर चांगली होती. रोज नणंद येऊन चौथरा बघून जायची. बोटानं थर मोजायची.

यांची पाळी असली की मामंजींना काहिलीत उतरवायला आणि काढायला घरात पुरुष नसे. सासूबाई चिमणीएवढ्या. नणंदेला त्यांचा भार पेलेना. उरलं कोण? मी. पहिल्यांदा मी पदर पार नाकापर्यंत ओढला, मामंजींनी मान वर करून छपराकडं नजर लावली, आणि मी मागून काखेत हात घालून त्यांना उचललं. दोघांनाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि ते अंग इतकं ताठ धरायचे की उचलता उचलता माझीच कंबर जायची. बोलायचं तर नाही! मग मी कुत्र्याला म्हणाले, "अंग ढिलं सोडायचं. ओढायचं न्हाई." मामंजींनी अंग ढिलं सोडलं. तिथून पुढं रोज तेच. मी कुत्र्याला सांगायची आणि मामंजी ऐकायचे.

पण पाण्याचं काय? कालव्याच्या पाण्याचं आवर्तन, म्हणजे पाळी, आलंच नाही त्या साली. कालवा कोरडा ठणठणीत, विहिरीनं तळ गाठलेला. वस्तीवरच्या सगळ्या बाया आमच्याच विहिरीवर यायच्या. रोज काहील भरून पाणी ओतायचं म्हणजे पाप. म्हणून तेच पाणी ठेवायचं, आटलं तेवढं वरून घालायचं. तेच पाणी! बोलायला सोपं आहे. सकाळी बघावं तर वर तवंग, पाचोळा, मेलेले किडे. मी गुळाची मळी काढायच्या झाऱ्यानंच तो तवंग काढायची, लुगड्याच्या फडक्यातून पाणी गाळायची, तुरटी फिरवायची, लिंबाचा पाला टाकायची. तरी चार दिवसांनी वास यायचाच. मग विटा काढा, गोणपाट वाळवा, तळ खरवडा, पण बेतानं, नाहीतर परत गळेल. सरपणाची तऱ्हा तशीच. उसाचं पाचट जनावरांच्या तोंडी गेलेलं, तेव्हा तुराट्या आणि बाभळीचे फाटे. बाभळीनं हाताची चाळण, धुरानं डोळे लाल. एवढं करून मामंजी बोट बुडवून कुत्र्याला विचारायचे, "आज गूळ काढायचाय का रं मला कढवून?" दुसऱ्या दिवशी जाळ कमी केला, तर "काय रे, ह्यात म्हशी बसवायच्यात का?"

आणि आमचे हे कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटले होते की आम्ही घरी टब बसवलाय.

विहिरीवरच्या बाया आधी थट्टाच करायच्या. "काय सूनबाई, शिजला का म्हातारा? मीठ घातलं का?" मीही हसून सोडून द्यायची. पण फाल्गुन संपत आला तसं विहिरीत पाणी बघायला वाकावं लागायला लागलं. एके दिवशी माझ्या बरोबरीचीच एक बाई, कडेवर तान्हं पोर, तिची घागर निम्मीच भरली आणि माझी भरलेली बघून ती तोंडावर म्हणाली, "आमच्या पोरांच्या घशाला कोरड, आन् तुमचा म्हातारा डुंबतोय." तिचं काय चुकलं होतं? मी घागर तिच्या घागरीत रिकामी केली आणि तशीच घरी आले. रडूही येईना, नुसता जळफळाट.

हे मामंजींच्या कानावर गेलंच. दुपारी ते खाटेच्या कडेला टेकले होते, कुत्रा पायाशी. मी तुराट्या घेऊन चुलवणीकडं निघाले तर ते कुत्र्याला म्हणाले, "काय रे, सांग तिला, जाळ घालू नको म्हनावं. बास झालं. गावाच्या तोंडचं पानी घेऊन मला न्हाई पाटावर बसायचं. लेकाला आन् सुनंला बसू दे."

तेव्हा चौथऱ्याचा एकच थर उरला होता. एकच! खुर्चीएवढ्या उंचीवरून माणूस विटेवर आणला होता मी. माझ्या हातांकडं बघायला नको. माझी कंबर वाकलेली, अंगाला रात्रंदिवस धुराचा वास, आणि आता हे म्हणतात बास? मी तुराट्या तिथंच टाकल्या, कुत्र्यासमोर उकिडवी बसले आणि त्याच्या डोळ्यांत बघून बोलले.

"ऐक रे! सांग त्यांना, काहिलीतलं पाणी पौषापासनं तेच हाय म्हणावं. ते कुणाला प्यायला चालणार न्हाई, जनावर तोंड लावणार न्हाई. वरनं घालायचं पाणी आजपासनं विहिरीचं न्हाई. माझ्या आंघोळीची बादली त्यात जाईल. मी ओल्या फडक्यानं अंग पुसीन. सांग त्यांना, मला त्या पाटावर बसायची हौस न्हाई! पोरगी दारामागं रोज रडती ती ह्यांना दिसत न्हाई का? ज्याची लेक त्यानं द्यावी म्हणावं!"

कुत्रा घाबरून दोन पावलं मागं सरला. सासूबाई जात्यावर हात तसाच ठेवून बसलेल्या. सासऱ्यासमोर एवढ्या मोठ्या आवाजात त्या घरात कुणी सून बोलली नव्हती. मला वाटलं, आता माहेरची वाट.

मामंजींनी कुत्र्याला चुचकारून परत पायाशी घेतलं आणि त्यालाच म्हणाले, "माझ्या आंघोळीचंबी घाल म्हनावं. तसंबी काहिलीतच बसतो, निराळी आंघोळ कशाला?"

मग नणंदेनं तिची बादली दिली, सासूबाईंनी दिली. हे घरी आल्यावर यांचीही बादली काढून घेतली. हे तोंड पाडून म्हणाले, "पण मी ग्रीसमध्ये काम करतो." मी म्हणाले, "मग कारखान्यात करा आंघोळ, साहेबांच्या टबात."

चैत्रात शेवटचा थर निघाला. मामंजी काहिलीच्या तळाला, गोणपाटावर बसले. मांडी पुरती पडत नव्हती, एक गुडघा वर राहायचा. तो रोज थोडा थोडा खाली आला. जमिनीवरही ते खाटेचा पाय धरून बसायला लागले. लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी जमिनीवर बसून ताटातली भाकरी खाल्ली आणि कालवणाला नावं ठेवली नाहीत.

लग्न दुष्काळातलं, म्हणजे मोजकीच माणसं. मांडव तुराट्यांचा. मी मागं, चुलीपाशी, डाळीच्या पातेल्याजवळ. कन्यादानाची वेळ झाली तशी मी पदर सावरून खांबाआडून बघायला आले. मामंजी नव्या धोतरात, काठी सासूबाईंच्या हातात देऊन, पाटाच्या कडेला हात टेकत खाली गेले. गुडघा वर राहिला, मग खाली आला. मांडी पडली. शेजारी सासूबाई बसल्या. नणंद बापाकडं बघून रडत होती आणि हसतही होती, तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सासूबाईंनी पाण्याची धार सोडली, मामंजींच्या ओंजळीतून ती लेकीच्या हातावर पडली. बापानं पाटावर बसूनच लेक दिली.

माणसं वाहवा करत होती. "डॉक्टरीणबाईंचा हात चांगला," एक जण म्हणाला. "पोराचं डोकं बघा, घरी टब केला," दुसरा म्हणाला. हे मान डोलवत होते. मी म्हटलं, घ्या! आणि डाळ ढवळायला वळले.

पण विधी लांबला होता. सगळे उठले आणि मामंजी उठेनात. पाय तसेच आखडून राहिलेले. हे धावले, एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं नवऱ्यामुलाच्या चुलत्यानं धरलं आणि दोघं ओढायला लागले. मामंजींचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी हात झटकला. "सोडा! सोडा म्हनतो ना." आणि मान वळवून ते कुणाला तरी शोधायला लागले. कुत्रा मांडवाच्या कडेला बसलेला होता. त्याच्यावरून त्यांची नजर पुढं गेली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"पोरी," मामंजी म्हणाले, भर मांडवात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ये गं हिकडं. ह्यांना न्हाई जमायचं. तूच उठव मला."

व्याही बघत होते, बाया तोंडावर हात ठेवून बघत होत्या. मी पळी पातेल्यात टाकली आणि गेले. मागं उभी राहिले, काखेत हात घातले, रोज घालायची तसे. यावेळी कुत्र्याकडं बघितलं नाही.

"अंग ढिलं सोडा मामंजी," मी म्हणाले. "ओढू नका."

त्यांनी अंग ढिलं सोडलं. मी उचललं, ते उभे राहिले. माझ्या खांद्यावर हात टेकून थोडा वेळ नुसता दम घेत राहिले.

"पाणी दे गं प्यायला," म्हणाले.

एवढं सोपं होतं तर पाच वर्षं कशाला घालवलीत, असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. मी तांब्या भरून आणला, त्यांच्या हातात दिला, आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत तिथंच उभी राहिले.